त्रिमितीतल्या रेषेची समीकरणं: एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना काय धरून ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्ष + य + झ = ६ आणि २क्ष − य + झ = ३ या दोन प्रतलांची छेदनरेषा सममित रूपात लिहायची होती. तुमचं उत्तर आलं:

(क्ष − ३)/२ = (य − ३)/१ = झ/(−३)

आणि पुस्तकाच्या शेवटी छापलेलं उत्तर आहे:

(क्ष − १)/(−२) = (य − २)/(−१) = (झ − ३)/३

यातलं चुकीचं कोणतं, छेदात शून्य आलं तर काय करायचं, आणि सदिश, प्राचलिक, सममित, दोन प्रतलांचं अशा सगळ्या रूपांमध्ये ये-जा करायची एकच भरवशाची रीत आहे का, असं तुम्ही विचारलं आहे.

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि दोन्ही एकाच रेषेची आहेत. अवकाशातली रेषा ठरवायला दोनच गोष्टी लागतात: तिच्यावरचा कोणताही एक बिंदू आणि तिची दिशा. रेषेचं प्रत्येक रूप याच दोन गोष्टी सांगतं. काही रूपांत त्या उघड दिसतात, काहींत शोधाव्या लागतात. म्हणून ‘या रूपातून त्या रूपात’ अशी वेगवेगळी सूत्रं पाठ करत बसू नका. चार रूपं धरली तर अशा बारा वाटा होतात. त्याऐवजी दिलेल्या रूपातून आधी बिंदू आणि दिशा काढून कागदावर वेगळी लिहा आणि मग हवं ते रूप मांडा. ही सवय लागली की बारा वाटांचं ओझं राहत नाही.

आता दुसरी बाजू. बिंदू आणि दिशा यांपैकी एकही एकमेव नसते. रेषेवरचे अनंत बिंदू आहेत, त्यातला कोणताही चालतो. दिशेला शून्य सोडून कोणत्याही संख्येने गुणलं तरी दिशा तीच राहते, ऋण संख्येने गुणलं तरीही. तुम्ही (३, ३, ०) हा बिंदू आणि (२, १, −३) ही दिशा घेतलीत. पुस्तकाने (१, २, ३) हा बिंदू आणि (−२, −१, ३) ही दिशा घेतली. दिशा एकमेकींच्या −१ पट आहेत. बिंदूंमधला फरक (३ − १, ३ − २, ० − ३) म्हणजे (२, १, −३), म्हणजे नेमकी रेषेचीच दिशा. दोन उत्तरं एकच रेषा सांगतात की नाही, हे ठरवायला हीच तपासणी पुरते: दिशा प्रमाणात हव्यात, आणि दोन बिंदूंमधला फरकही त्याच दिशेच्या प्रमाणात हवा (किंवा शून्य). यातलं पहिलंच तपासून थांबलात तर समांतर पण वेगळ्या रेषाही ‘एकच’ ठरतील.

रूपांकडे वळण्याआधी एक गैरसमज काढून टाकू, कारण पुढच्या बऱ्याच चुका तिथूनच येतात. सपाट कागदावर क्ष − २य = −३ ही रेषा असते. अवकाशात तेच समीकरण प्रतल दाखवतं, कारण झ वर कसलंच बंधन नाही. कागदावरच्या रेषेच्या प्रत्येक बिंदूतून झ-अक्षाला समांतर उभी रेष काढली तर जी भिंत तयार होते, ते हे प्रतल. अवकाशात एक रेषीय समीकरण म्हणजे एक प्रतल, आणि रेषा हवी असेल तर अशी दोन समीकरणं हवीत. सममित रूपात बरोबरीची दोन चिन्हं असतात ती यासाठीच. इतिहासही याच क्रमाने गेला. देकार्तने १६३७ मध्ये सहनिर्देशकांची रीत मांडली ती मुख्यतः पातळीतल्या वक्रांसाठी होती. अवकाशातला वक्र दोन पृष्ठांच्या छेदातून, म्हणजे दोन समीकरणांनी मांडण्याचा पद्धतशीर अभ्यास क्लेरोने १७३१ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. आज आपण सर्रास वापरतो ती सदिशांची लेखनपद्धती मात्र १८८० च्या दशकात गिब्ज आणि हेविसाइड यांच्या कामातून रुळली. दोन प्रतलांचं रूप त्यामुळे जुन्या घराण्यातलं आहे आणि सदिश रूप नव्या.

सोप्या रूपांवरून भराभर जाऊ. अ(२, −१, ४) आणि ब(५, १, −२) हे दोन बिंदू दिले आहेत असं समजा. वजाबाकी करून दिशा मिळते: द = (३, २, −६). मग सदिश रूप

र = अ + त द, म्हणजे र = (२, −१, ४) + त (३, २, −६).

इथे र हा रेषेवरच्या कोणत्याही बिंदूचा स्थानसदिश आणि त हा प्राचल, म्हणजे आपल्या मर्जीने फिरणारी वास्तव संख्या. सदिशांवर बाण आहेत असं धरून चला. घटकवार वेगळं लिहिलं की प्राचलिक रूप येतं:

क्ष = २ + ३त, य = −१ + २त, झ = ४ − ६त.

प्रत्येकातून त सोडवून तिन्ही किमती समान मांडल्या की सममित रूप:

(क्ष − २)/३ = (य + १)/२ = (झ − ४)/(−६).

उलट जायचं तर सममित रूपाला त च्या बरोबर ठेवा, की पुन्हा प्राचलिक रूप. (य + १) दिसलं की बिंदूचा य-सहनिर्देशक −१ असतो, +१ नाही. घाईत सगळ्यात जास्त गुण इथे जातात.

दिशेच्या लांबीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. (३, २, −६) ची लांबी √(९ + ४ + ३६) = ७. प्रत्येक घटकाला ७ ने भागलं की दिक्-कोसाइन मिळतात: ३/७, २/७, −६/७. त्यांच्या वर्गांची बेरीज १ असते. दिशा उलटी धरली तर तिन्हींची चिन्हं एकदम बदलतात, त्यामुळे रेषेला दिक्-कोसाइनचे दोन संच असतात. ३, २, −६ ही नुसती दिक्-गुणोत्तरं आहेत, त्यांच्या पटी चालतात. व्यवहारात फरक पडतो तो प्राचलाच्या अर्थात. दिशा म्हणून (३, २, −६) घेतली तर त = ० ला अ आणि त = १ ला ब मिळतो, आणि ० ते १ मधला त म्हणजे अब हा रेषाखंड. एकक सदिश (३/७, २/७, −६/७) घेतला तर त म्हणजे अ पासूनचं अंतरच होतं, चिन्हासकट. ‘अ पासून १४ एकक अंतरावरचे रेषेवरचे बिंदू काढा’ असा प्रश्न आला तर एकक सदिशाचं रूप घ्या आणि त = १४ व त = −१४ ठेवा: (८, ३, −८) आणि (−४, −५, १६). मूळ दिशा ठेवून त = १४ घातला, तर सातपट लांब जाऊन पडाल.

आता वेष बदललेलं सममित रूप. परीक्षक असं समीकरण देतात:

(३ − क्ष)/२ = (२य + १)/४ = (५ − ३झ)/६

इथे छेद वाचून दिशा (२, ४, ६) म्हणणं साफ चूक आहे. छेद म्हणजे दिशेचे घटक, हे तेव्हाच खरं असतं जेव्हा अंशात क्ष, य, झ यांचा सहगुणक +१ असतो. एक मार्ग म्हणजे प्रत्येक अपूर्णांक तसा करून घेणं: (क्ष − ३)/(−२), (य + १/२)/२, (झ − ५/३)/(−२). मला दुसरा मार्ग जास्त पसंत आहे, कारण त्यात चिन्हाची चूक होत नाही. सगळं त च्या बरोबर ठेवायचं आणि क्ष, य, झ सोडवायचे:

क्ष = ३ − २त, य = −१/२ + २त, झ = ५/३ − २त.

त चे सहगुणक म्हणजे दिशा: (−२, २, −२), किंवा सोपी करून (१, −१, १). त = ० चा बिंदू (३, −१/२, ५/३). बिंदूत अपूर्णांक आले म्हणून अस्वस्थ होऊन पूर्णांकी बिंदू शोधत बसू नका. या रेषेवर क्ष + य ची किंमत कायम ५/२ राहते, म्हणजे क्ष आणि य दोन्ही पूर्णांक कधीच होणार नाहीत.

शून्य छेदाचा प्रश्न. प्राचलिक रूपात शून्याची काहीच अडचण नसते. दिशा (१, −१, ०) आणि बिंदू (३, ०, २) असेल तर

क्ष = ३ + त, य = −त, झ = २.

झ हलतच नाही, बस. सममित रूपात जाताना आपण दिशेच्या घटकाने भागतो, आणि शून्याने भागता येत नाही. अडचण रेषेची नाही, त्या रूपाची आहे. (क्ष − ३)/१ = य/(−१) = (झ − २)/० असं छापलेलं दिसतं. तो एक संकेत आहे, त्याचा अर्थ ‘जिथे छेद शून्य, तिथे अंशही शून्य’ एवढाच, म्हणजे झ − २ = ०. तिथे भागाकार केलेला नाही. मी स्वतः

(क्ष − ३)/१ = य/(−१), झ = २

असं स्वल्पविराम देऊन लिहितो आणि तसंच लिहायला शिकवतो, कारण वाचणाऱ्याला संकेत आठवत बसावं लागत नाही. दोन घटक शून्य असतील, उदाहरणार्थ दिशा (०, ०, १) आणि बिंदू (४, −१, ७), तर रेषा क्ष = ४, य = −१ एवढीच, झ मोकळा. इथे ७ कुठेच दिसत नाही आणि दिसायलाही नको, कारण झ ची कोणतीही किंमत चालते.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा, दोन प्रतलांचं रूप. यात बिंदूही दिसत नाही आणि दिशाही. दिशा काढणं सोपं आहे. क्ष + य + झ = ६ या प्रतलाला (१, १, १) हा सदिश लंब आहे, त्याला ल म्हणू. दुसऱ्या प्रतलाला (२, −१, १) लंब आहे, त्याला व म्हणू. रेषा दोन्ही प्रतलांत असल्यामुळे ती ल आणि व दोघांनाही लंब असली पाहिजे, आणि दोघांना लंब सदिश म्हणजे त्यांचा सदिश गुणाकार, म्हणजेच क्रॉस प्रॉडक्ट:

द = ल × व = (१·१ − १·(−१), १·२ − १·१, १·(−१) − १·२) = (२, १, −३).

लगेच पडताळा घ्या: ल शी अदिश गुणाकार (संगत घटकांच्या गुणाकारांची बेरीज, लंब सदिशांसाठी शून्य) २ + १ − ३ = ०, व शी ४ − १ − ३ = ०. हा पडताळा काही सेकंदांचा आहे आणि मधल्या घटकाच्या चिन्हाची नेहमीची चूक तो जागच्या जागी पकडतो. तो न घेता पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बिंदूसाठी एका सहनिर्देशकाला आपल्या सोयीची किंमत द्यायची आणि उरलेली दोन समीकरणं सोडवायची. झ = ० घेतलं तर क्ष + य = ६ आणि २क्ष − य = ३, म्हणून क्ष = ३, य = ३. झ = ३ घेतलं तर (१, २, ३). तुमच्यात आणि पुस्तकात मतभेद झाला तो या एवढ्या निवडीत.

पण ‘झ = ० ठेवा’ हा नियम म्हणून पाठ केला तर कधीतरी तोंडघशी पाडतो. क्ष + य + झ = ५ आणि क्ष + य − झ = १ ही प्रतलं घ्या. झ = ० ठेवलं तर क्ष + य एकाच वेळी ५ आणि १, म्हणजे विसंगती. काही विद्यार्थी इथे ‘रेषा नाही’ असा निष्कर्ष लिहून मोकळे होतात. खरं तर रेषा आहे. वजाबाकी करा, झ = २ मिळतं, आणि मग क्ष + य = ३. ती वर आलेलीच रेषा आहे, झ = २ या पातळीत आडवी जाणारी, त्यामुळे ती झ = ० ला कुठेच भेटत नाही. म्हणून आधी दिशा काढा, आणि दिशेचा जो घटक शून्य नाही त्याच सहनिर्देशकाला ० ठेवा. इथे दिशा (−२, २, ०) आहे, म्हणजे क्ष = ० किंवा य = ० चालेल, झ = ० नाही. य = ० ठेवलं की (३, ०, २).

‘रेषाच नाही’ ही स्थिती वेगळी असते, आणि ती ओळखू येते ल × व पूर्ण शून्य आल्यावर. तेव्हा प्रतलं समांतर असतात, उदाहरणार्थ क्ष + य + झ = ६ आणि २क्ष + २य + २झ = ५, किंवा दोन्ही समीकरणं एकाच प्रतलाची असतात. स्थिरपदंही त्याच प्रमाणात आहेत का, ते पाहून यातलं कोणतं ते ठरतं.

सदिश गुणाकार न करता नुसत्या निरसनानेही, म्हणजे एकेक चल घालवूनही, काम होतं. तुमची दोन समीकरणं मिळवली की य जातो आणि ३क्ष + २झ = ९ येतं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की झ जातो आणि क्ष − २य = −३ येतं. दोन्हींतून क्ष वेगळा काढला तर

क्ष = २य − ३ = (९ − २झ)/३.

हे सममित रूपच आहे, फक्त ओळखीच्या वेषात नाही. सगळं त च्या बरोबर ठेवा: क्ष = त, य = (त + ३)/२, झ = (९ − ३त)/२. दिशा (१, १/२, −३/२), म्हणजे २ ने गुणून (२, १, −३). पुन्हा तीच. बिंदू आता (०, ३/२, ९/२) आला, तोही रेषेवर आहे. हातातली समीकरणं लहान असली की ही रीत झटपट होते. सहगुणक वेडेवाकडे असले की मी सदिश गुणाकाराकडे वळतो.

आता मला सर्वांत आवडणारं रूप, जे शाळा-कॉलेजात ओझरतं येतं किंवा येतच नाही. र हा बिंदू रेषेवर असेल तर (र − अ) ही दिशेला समांतर असते, म्हणून (र − अ) × द = ०, म्हणजे

र × द = अ × द.

यात प्राचल नाही. उजव्या बाजूच्या सदिशाला म म्हणू. यांत्रिकीत बलाचं मोमेंट काढतात तोच हा गुणाकार, फक्त बलाच्या जागी दिशा. तुमच्या बिंदूवरून म = (३, ३, ०) × (२, १, −३) = (−९, ९, −३). आता बिंदू पुस्तकाचा घ्या, दिशा तीच ठेवा: (१, २, ३) × (२, १, −३) = (−९, ९, −३). तंतोतंत तेच! रेषेवरचा कोणताही बिंदू घेतला तरी म बदलत नाही, कारण बिंदू रेषेवरून सरकवणं म्हणजे अ मध्ये द ची पट मिळवणं, आणि द × द शून्य असतो. म्हणजे बिंदूच्या निवडीमुळे येणारी संदिग्धता म मध्ये उरतच नाही. दिशेला एखाद्या संख्येने गुणलं तर म ला तीच संख्या गुणली जाते, एवढीच मोकळीक शिल्लक राहते. द चे तीन आणि म चे तीन असे हे सहा आकडे प्ल्यूकर या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखले जातात. द आणि म यांचा अदिश गुणाकार नेहमी शून्य असतो: −१८ + ९ + ९ = ०.

याचा खरा फायदा दोन प्रतलांच्या रूपात दिसतो. प्रतलं ल·र = प आणि व·र = फ अशी असतील तर

द = ल × व, म = फ ल − प व.

बिंदू शोधायचाच नाही! तुमच्या उदाहरणात प = ६, फ = ३, म्हणून म = ३(१, १, १) − ६(२, −१, १) = (−९, ९, −३). जुळलं. सिद्धता एका ओळीची आहे: र × (ल × व) उलगडलं की (र·व) ल − (र·ल) व येतं, आणि रेषेवर र·व = फ, र·ल = प असतं. आणि बिंदू हवाच असेल तर आरंभबिंदूला सगळ्यात जवळचा बिंदू थेट मिळतो: द × म ला द च्या लांबीच्या वर्गाने भागा. इथे द × म = (२४, ३३, २७), लांबीचा वर्ग १४, म्हणून बिंदू (१२/७, ३३/१४, २७/१४). पहिल्या प्रतलात घालून पाहा: (२४ + ३३ + २७)/१४ = ८४/१४ = ६. दुसऱ्यात: (४८ − ३३ + २७)/१४ = ४२/१४ = ३. आडव्या रेषेच्या उदाहरणात, जिथे झ = ० अडलं होतं, तिथेही ही रीत बिनतक्रार चालते: म = १(१, १, १) − ५(१, १, −१) = (−४, −४, ६), द = (−२, २, ०), द × म = (१२, १२, १६), ८ ने भागून (३/२, ३/२, २). कोणता घटक शून्य आहे हे बघावंसुद्धा लागलं नाही.

हेच रूप उलट्या प्रवासातही कामी येतं, म्हणजे रेषेवरून दोन प्रतलं काढताना. र × द = म घटकवार उलगडलं तर तुमच्या रेषेसाठी तीन समीकरणं येतात:

३य + झ = ९, ३क्ष + २झ = ९, क्ष − २य = −३.

शेवटची दोन आपल्याला निरसनात भेटली होती. सममित रूपातल्या अपूर्णांकांच्या जोड्या घेऊन तिरकस गुणाकार केला तरी हीच तीन येतात. प्रत्येकात एक चल नाही, म्हणजे प्रत्येक प्रतल एकेका अक्षाला समांतर आहे. तिघांपैकी दोनच स्वतंत्र आहेत, तिसरं त्या दोघांतून निघतं, म्हणून कोणतीही दोन घेतली की झालं. पण एका अटीवर: दिशेत शून्य नसावं. (१, −१, ०) दिशेच्या रेषेत तीन समीकरणांपैकी दोन झ = २ च निघतात. ती दोन उचललीत तर हातात रेषा न राहता अख्खं प्रतल राहील. तिथे झ = २ आणि क्ष + य = ३ अशीच जोडी घ्यायला हवी.

मूळ प्रश्नात दिलेली प्रतलं परत मिळतील, अशी अपेक्षाही ठेवू नका. एका रेषेतून अनंत प्रतलं जातात आणि त्यातली कोणतीही दोन वेगवेगळी चालतात. ती सगळी

(क्ष + य + झ − ६) + क (२क्ष − य + झ − ३) = ०

या एका मांडणीत येतात (फक्त दुसरं प्रतल स्वतः सुटतं). ‘ही रेषा आणि हा बिंदू यांतून जाणारं प्रतल काढा’ अशा प्रश्नात म्हणूनच दोन प्रतलांचं रूप सोडून दुसरीकडे जाण्यात अर्थ नसतो. बिंदू आरंभबिंदू असेल तर −६ − ३क = ०, क = −२, आणि प्रतल ३क्ष − ३य + झ = ०. याचा लंबसदिश (३, −३, १) पाहा आणि म = (−९, ९, −३) पाहा. −३ पट. म हा नेहमीच रेषा आणि आरंभबिंदू यांच्या प्रतलाला लंब असतो, हे इथे आकड्यांत दिसतं.

एक प्रश्न हुशार मुलं विचारतात: रेषेला खरोखर किती आकडे लागतात? सदिश रूपात सहा आहेत. बिंदू सरकवायची मोकळीक एक, दिशेला गुणायची मोकळीक एक, म्हणून खरे चार. चारच आकड्यांचं रूपही आहे. क्ष आणि य दोन्ही झ च्या भाषेत लिहायचे:

क्ष = −(२/३)झ + ३, य = −(१/३)झ + ३.

पातळीतल्या ‘चढ आणि छेद’ या रूपाचा हा अवकाशातला जवळचा नातलग. उत्तर एकमेव येतं, त्यामुळे तुलना करायला छान. पण आडव्या रेषेला, म्हणजे जिच्यावर झ बदलत नाही तिला, हे रूपच मिळत नाही, जसं पातळीत उभ्या रेषेला चढ नसतो. ज्या रूपात उत्तर एकमेव येतं ते काही रेषांवर अडतं, आणि जे कुठेच अडत नाही त्यात मोकळीक शिल्लक राहते. म्हणून परीक्षेत उत्तरं जुळत नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही.

कोणत्या कामाला कोणतं रूप, याबद्दल माझी पसंती सांगतो. एखादा बिंदू रेषेवर आहे का, हे सममित रूपात लगेच कळतं. रेषा प्रतलाला कुठे भेटते किंवा बिंदूपासून टाकलेल्या लंबाचा पाद कुठे येतो, हे काढायचं असेल तर प्राचलिक रूप घ्या, एका अज्ञाताचं एक समीकरण सोडवावं लागतं. दोन विषमतलीय (समांतरही नाहीत आणि छेदतही नाहीत अशा) रेषांमधल्या कमीत कमी अंतराला सदिश रूप. रेषा आरंभबिंदूपासून किती दूर, हे तर म ची लांबी भागिले द ची लांबी, इथे √१७१/√१४.

प्राचलिक रूपात दोन रेषांचा छेदनबिंदू काढताना दोघींसाठी वेगळी अक्षरं घ्या. तुमच्या रेषेवरचा बिंदू (३ + २त, ३ + त, −३त), आणि दुसरी रेषा (१, २, ३) मधून (१, ०, १) दिशेने जाणारी आहे असं समजा. तिलाही त हेच अक्षर दिलं तर (१ + त, २, ३ + त). मग क्ष वरून त = −२ आणि य वरून त = −१, विसंगती, आणि ‘रेषा छेदत नाहीत’ असं खोटं उत्तर. दुसरीला थ द्या: ३ + २त = १ + थ, ३ + त = २, −३त = ३ + थ. दुसऱ्यावरून त = −१, पहिल्यावरून थ = ०, आणि तिसऱ्यात ३ = ३. रेषा (१, २, ३) ला भेटतात. त आणि थ वेगळे आले तरी बिंदू एकच आहे. तिसरं समीकरण तपासल्याशिवाय मात्र उत्तर लिहू नका, विषमतलीय रेषा पहिली दोन समीकरणं पाळूनही तिसऱ्यात फसतात.

हेच सगळं प्रोग्रॅममध्ये लिहायचं असेल, तर सममित रूप साठवू नका. बिंदू आणि दिशा, किंवा द आणि म, एवढंच ठेवा आणि सममित रूप फक्त छापण्यापुरतं तयार करा. दशांश आकड्यांत ‘बरोबर शून्य’ क्वचितच येतं. दिशेचा घटक ०.००००००१ आला आणि त्याने भागलंत, तर आधीची बारीकशी चूक फुगून उत्तर निरुपयोगी होतं. एखाद्या सहनिर्देशकाला ० ठेवून बिंदू काढायचाच असेल, तर दिशेचा जो घटक चिन्ह सोडून सर्वांत मोठा आहे त्याच सहनिर्देशकाला ठेवा. तुमच्या उदाहरणात तो −३, म्हणजे झ, आणि झ = ० घेऊन तुम्ही नेमकं तेच केलंत. दोन रेषा समांतर आहेत का हे पाहताना दिशा आधी एकक करून घ्या आणि मग सदिश गुणाकाराची लांबी एखाद्या छोट्या मर्यादेपेक्षा कमी आहे का ते तपासा. एकक न करता तपासलंत तर लहान दिशा असलेल्या सगळ्याच रेषा एकमेकींना समांतर दिसू लागतील.